एकाहत्तर नंबरचं झाड

मिस्त्रींचं सगळं आयुष्य लाकडात गेलं, पण झाडांशी त्यांची कधी ओळख झाली नव्हती. ऐकायला विचित्र वाटेल, पण सुताराकडे येते ती फळी, आणि फळीला ना पान असतं ना फूल. डोळे बांधून हातात तुकडा ठेवला तर मिस्त्री नुसत्या वासावरून आणि वजनावरून लाकडाचं नाव सांगत. रंधा मारताना जो आवाज येतो त्यावरून लाकूड किती मुरलेलं आहे तेही सांगत. पण तेच लाकूड रस्त्याच्या कडेला पानं-फांद्यांसकट उभं असतं, तर त्याच्या सावलीत थांबून त्यांनी खुशाल बसची वाट पाहिली असती.

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, की आता नुसतं चालायचं, बाकी काही औषध नाही. पण हाड सांधलं तरी मिस्त्री उठेनात. स्वतःच्या हातानं केलेल्या खुर्चीत ते खिडकीपाशी बसत आणि समोरच्या गॅरेजच्या पत्र्याकडे बघत राहत. हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली गेली होती. कोणी विचारलं तर म्हणत, "आमचं फर्निचर झालं आता. पुसायचं आणि जागेवर ठेवायचं."

घरात माणसं तीन, पण मुलगा लिफ्ट बसवण्याच्या कामावर महिन्यातले वीस दिवस परगावी. त्यामुळे खऱ्या अर्थानं राहत होते ते सासरे आणि सून. सून चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि भिंगं बदलायची, हा तिचा उद्योग. तिला गोड बोलून काम करून घेता येत नसे आणि मिस्त्रींना गोड बोललेलं कळत नसे, म्हणून दोघांचं चांगलं जमे.

एका संध्याकाळी तिनं वनस्पती उद्यानाचं एक पत्रक घरी आणलं. दर रविवारी सकाळी झाडांची फेरी, एकूण थांबे अकरा, सोबत माहिती सांगायला बागेतल्या बाई. मिस्त्रींनी पत्रकाकडे पाहिलंही नाही. झाडं बघायला मी काय माकड आहे का, असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. सुनेनं वाद घातला नाही. जेवणं झाल्यावर ती पत्रक घेऊन दिव्याखाली बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. वाचता वाचता एके ठिकाणी म्हणाली, "महोगनी. याचं लाकूड मऊ आणि कमी प्रतीचं असतं."

मिस्त्रींनी मान वळवली. "काय असतं?"

"मऊ. आणि कमी प्रतीचं."

"कोणी लिहिलंय हे?"

"त्या फेरीवाल्या बाईंनी लिहिलं असणार," सून पत्रकाची घडी घालत म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं. रविवारी त्या तिथं असतात म्हणे."

रविवारी सकाळी साडेसात वाजता मिस्त्री दाढी करून, काठी घेऊन दारात उभे होते.

बागेच्या फाटकाशी दहाबारा माणसं जमली होती. माहिती सांगणाऱ्या बाई पस्तिशीच्या, पायात चिखलाचे बूट, गळ्यात दुर्बीण. मिस्त्रींनी मनातल्या मनात त्यांचं नाव फेरीवाली असंच पक्कं करून टाकलं आणि पुढे ते इतकं रुळलं, की बाई स्वतःही फोनवर तसंच सांगू लागल्या. पहिल्या थांब्यावर एक उंच झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना काही नसून थेट बुंध्यालाच तोफेच्या गोळ्यांएवढी फळं लगडलेली होती. फेरीवालीनं सांगितलं, की पूर्वी इथं खाली बाक होता, पण एकदा बसलेल्या माणसाच्या हातभर अंतरावर गोळा पडला आणि बाक हलवावा लागला. मिस्त्रींना तो माणूस वाचल्यापेक्षा बाक वाचल्याचं जास्त समाधान वाटलं.

दुसरा थांबा महोगनीचा. मिस्त्री काठी टेकत सगळ्यांच्या पुढे गेले. खडबडीत, काळपट, चौकोनी खवल्यांची साल त्यांनी तळव्यानं चाचपली. ही ती? हिची कपाटं केली, पलंग केले, एका शाळेचं अख्खं वाचनालय केलं, आणि ही आपल्या ओळखीची आहे हे बाहेरून कळूच नये? वरती बघता बघता त्यांची टोपी मागे पडली. खाली बोटभर लांबीच्या, एका बाजूला पंख असलेल्या बिया पसरल्या होत्या. त्यांनी एक उचलून वर फेकली, तर ती भिंगरीसारखी फिरत खाली आली. मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं. त्यांनी फेरीवालीला गाठून, महोगनीला कमी प्रतीची म्हणणाऱ्याला रंधा कुठून धरायचा ते तरी माहीत आहे का, असं खडसावून विचारलं.

फेरीवाली गोंधळली. तिनं पिशवीतून पत्रक काढलं. महोगनीपुढे लिहिलं होतं: लाकूड अत्यंत मौल्यवान, सुतारांचं आवडतं. मिस्त्रींनी दोनदा वाचलं आणि सुनेकडे पाहिलं. सून डोळे बारीक करून आभाळातले ढग तपासत होती.

तिसऱ्या थांब्यावर दोरीसारख्या लांब देठांना हातभर लांबीची फळं लोंबत होती. त्याची फुलं वटवाघळांसाठी उमलतात आणि सकाळपर्यंत गळून पडतात, असं कळलं. वटवाघळं शेजारच्या झाडावर होतीच, शेकड्यांनी, वाळत घातलेल्या मोज्यांसारखी, आणि जागेवरून एकमेकांशी भांडत होती. तिथून पुढे वाटेत एक घोरपड आडवी आली. ती अशी सावकाश चालली होती, की बारा माणसं आणि एक काठी तिच्यासाठी थांबून राहिली. "हिचाही खुबा दुखतोय वाटतं," मिस्त्री म्हणाले. त्यांचा स्वतःचा आता चांगलाच ठणकत होता. चौथ्या थांब्यावर पोचेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला आणि समोर वाऱ्यानं मोडून पडलेली जाड फांदी दिसली, तिच्यावर ते सरळ बसले.

फांदी ज्या झाडाची होती त्याच्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसता आकडा होता: ७१. फेरीवालीनं त्याची गोष्ट सांगितली. झाड फार जुनं, कुठल्या तरी दूरच्या जंगलातून रोप म्हणून आलेलं. त्याची नोंद असलेलं रजिस्टर पूर्वी कधी तरी छत गळून भिजलं आणि त्याचा लगदा झाला. पानं जोडीजोडीनं येतात, बकरीच्या खुरासारखी, पण अशी पानं असणारी त्याची भावंडं पुष्कळ. फूल बघितल्याशिवाय कोणी तज्ज्ञ सही करायला तयार नाही, आणि एवढ्या वर्षांत याचं फूल कोणाला दिसलेलं नाही. बागेचे प्रमुख याला अनाथ म्हणतात. गेल्या आठवड्यात फांदीचा सांधा कुजून ती खाली आली. तोडणाऱ्यांनी यंत्राची करवत लावली, तर बारीक डहाळ्यांतच साखळी दोनदा बोथट झाली. आता मोठं यंत्र येईल आणि सगळ्याचा भुसा करेल.

मिस्त्रींनी सवयीनं बोटांच्या पेरांनी फांदीवर टकटक केली. आवाज लोखंडी आला. त्यांनी पुन्हा टकटक केली. तेवढ्यात मागच्या झाडावरून तशीच टकटक ऐकू आली आणि सगळ्यांनी माना वळवल्या. लाल तुऱ्याचा सुतारपक्षी सालीवर डोकं आपटत होता. कॅमेरा घेऊन आलेले एक गृहस्थ म्हणाले, की मिस्त्री, तुमचा व्यवसायबंधू उत्तर देतोय. सगळे हसले, पण मिस्त्री हसले नाहीत. ते हातभर लांबीची एक डहाळी उचलून तळहातावर तोलत होते. एवढ्याशा डहाळीचं वजन भलतंच होतं. त्यांनी खिशातला चाकू काढला, बसल्या जागी फांदीची वीतभर साल सोलली आणि आतलं लाकूड तासायला सुरुवात केली. रेषा सरळ नव्हत्या, एकमेकींत वेणीसारख्या गुंतलेल्या होत्या. पातं पुढे जाईना. पात्याला काही तरी चिकट लागलं. मिस्त्रींनी ते नाकाशी नेलं, आणि त्यांचे हात थांबले.

सतरा वर्षांचे असताना ते एका उस्तादाकडे शिकत होते. एकदा मोडीत काढलेल्या अवजड ट्रकच्या तळाच्या फळ्या कारखान्यात आल्या. मळकट, तपकिरी, आणि इतक्या कठीण, की रंध्याची धार तासाभरात गेली. दिवसभर रंधून त्यांनी एक फळी साफ केली. आतलं लाकूडही मळकट तपकिरीच. उस्ताद म्हणाले, राहू दे उन्हात. तीन दिवसांनी फळी जांभळी झाली होती. रंग दिल्यासारखी नाही, जांभळाच्या रसात मुरल्यासारखी. मिस्त्रींना वाटलं, कोणी तरी आपली थट्टा केली. त्यांनी थुंकी लावून घासून पाहिलं. उस्ताद पोट धरून हसले होते. पुढे तो कारखाना बंद झाला, उस्ताद गेले, फळ्या कुठे गेल्या कोणास ठाऊक. तसं लाकूड पुन्हा आयुष्यात हाताला लागलं नाही. पण हा वास, हा चिकटपणा आणि ही वेणी, हे हात विसरले नव्हते.

"याचं लाकूड जांभळं होत जातं," मिस्त्री फेरीवालीला म्हणाले. "आज नाही. आता तासलंय तिथं ऊन लागू द्या. पुढच्या रविवारी बघा."

लोक पुन्हा हसले. प्रेमानंच हसले, म्हाताऱ्या माणसाच्या गोष्टीला हसतात तसे. फेरीवाली मात्र हसली नाही. तिनं वहीत काही तरी टिपून घेतलं. परतीला मिस्त्रींना बागेच्या बॅटरीच्या गाडीत बसवून फाटकापर्यंत आणावं लागलं. त्या गाडीत ते अंग चोरून बसले होते. घरी आल्यावर सुनेला एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी तिथं पायी जायचं आणि पायी परत यायचं.

तो आठवडा घरात वेगळाच गेला. सकाळी मिस्त्री गॅलरीत दहा फेऱ्या मारत, संध्याकाळी जिन्याचे दोन मजले उतरून चढत. शेजारी विचारू लागले, की काय हो, स्पर्धेला उतरताय काय? सून दुकानातून आल्यावर ते तिला उस्तादांची गोष्ट नव्यानं सांगत आणि दर वेळी फळी थोडी अधिक जांभळी होत जाई.

दुसऱ्या रविवारी फेरीत नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती, कारण कॅमेरावाल्यांनी चार ठिकाणी सांगितलं होतं. बागेचे प्रमुखही आले होते. पांढऱ्या दाढीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. मिस्त्री चौथ्या थांब्यापर्यंत एकदाही न बसता चालले. फांदी जागेवर होती. साल सोललेली जागाही होती. तिच्यावर आठवडाभर ऊन पडलं होतं, आणि ती होती तशीच होती: दुधाच्या सायीसारखी फिकट पिवळसर.

मिस्त्रींनी वाकून बोट फिरवलं. कॅमेरावाल्यांनी कॅमेरा हळूच खाली केला. प्रमुखांनी मायेनं सांगितलं, की असं होतं, वर्षानुवर्षं पानं बघणारे आम्हीसुद्धा चुकलोय, यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उद्या सोमवारी यंत्र येईल आणि वाट मोकळी होईल. मग फेरी पाचव्या थांब्याकडे निघाली. मिस्त्री जवळच्या बाकावर बसले आणि सुनेला म्हणाले, की तू जा त्यांच्याबरोबर, मी इथं बसतो. सून गेली नाही. तीही शेजारी बसली.

सुतारपक्ष्याचं काम चालूच होतं. शेवटी मिस्त्री म्हणाले, की त्र्याहत्तरीत माणसानं खिडकीत बसावं हेच बरं, निदान गॅरेजचा पत्रा खोटं पाडत नाही.

सुनेनं विचारलं, "बाबा, त्या ट्रकच्या फळ्यांना साल होती?"

"फळीला कुठली साल?"

"मग सालीखालचं हे पांढरं?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली, की सुतारपक्षी उडून गेला. फळी गाभ्याची असते. सालीलगतचं पांढरं लाकूड कच्चं, ते वखारीतच कापून टाकतात. त्यांनी जे लाकूड पाहिलं ते गाभ्याचं, आणि तासलं ते सालीलगतचं. हाताखालच्या पोरानं अशी चूक केली असती तर त्यांनीच त्याचा कान धरला असता. आपण झाडाकडे फळी समजून बघतोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. रंग होता तो आत, चार बोटं खोल, आणि उद्या त्याचा भुसा होणार होता.

"त्या फेरीवालीला बोलव," मिस्त्री उठत म्हणाले. "आणि करवत मिळते का बघ. यंत्राची नको, हातानं चालवायची."

सून धावतच गेली. फेरी पाचव्या थांब्यावरून माघारी आली. प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. कापणारा माणूस आज सुट्टीवर आहे, म्हणाले. मिस्त्री म्हणाले, माणूस इथं आहे, हत्यार द्या. अवजारांच्या खोलीतून एक करवत आली. मिस्त्रींनी तिच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. ही करवत आहे का फणी, असं विचारून त्यांनी कानस मागवली. उलट्या बादलीवर बसून, करवत गुडघ्यात धरून, त्यांनी एकेका दाताला धार दिली. बागेत त्या कानशीचा आवाज घुमत राहिला. लोक गवतावर बसले. कोणाला घाई दिसेना.

मग करवत लागली. पांढऱ्या लाकडात ती त्या मानानं सुरसुर गेली. चार बोटं आत गेल्यावर आवाज बदलला, खर्जात उतरला. मिस्त्रींनी डोळे मिटून तो ऐकला आणि नुसतं म्हणाले, "आला गाभा." इथून पुढे सूतभर आत सरकणंही कष्टाचं होतं. दम लागला की थांबायचं, पाणी प्यायचं, कानस फिरवायची, पुन्हा सुरू. कॅमेरावाल्यांनी मधे करवत धरायला मागितली. त्यांना दहा ओढी मारून घाम फुटला. सुनेनं पंधरा मारल्या. प्रमुखांनी दाढी सांभाळत वीस मारल्या आणि परत द्यायला नाखूश दिसले. पण बहुतेक काम मिस्त्रींनीच केलं. चार महिने खिडकीत बसून बारीक झालेले दंड सदऱ्यातून वर आले, खांदा आपोआप मागेपुढे होऊ लागला, आणि सुनेला पहिल्यांदाच दिसलं, की हा माणूस तरुणपणी कसा असेल.

शेवटी फांदीची एक थाळीएवढी चकती गवतावर पडली. सगळे पुढे वाकले. भोवती पांढऱ्या लाकडाचं कडं आणि आत गाभा. गाभा मळकट तपकिरी होता, पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

कोणी तरी हळूच "अरेरे" म्हणालं.

"अरेरे काय त्यात," मिस्त्री कपाळ पुसत म्हणाले. "असाच असतो तो पहिल्या दिवशी." मग प्रमुखांकडे वळून त्यांनी आणखी एक आठवडा मागितला. प्रमुखांनी चकतीकडे बघितलं, करवतीकडे बघितलं, स्वतःच्या तळहाताला आलेल्या फोडाकडे बघितलं, आणि यंत्रवाल्यांना नको म्हणून कळवायला फेरीवालीला सांगितलं. चकतीचे दोन तुकडे झाले. एक बागेच्या कचेरीच्या खिडकीत गेला, दुसरा सुनेच्या पिशवीतून घरी.

घरी तो तुकडा गॅलरीच्या कठड्यावर ठेवला गेला. सोमवारी सकाळी त्यात काही नव्हतं. दुपारी मिस्त्रींना काही तरी वाटलं, पण ते आशेनं दिसतं की डोळ्यांनी, हे त्यांना ठरवता येईना. मोतीबिंदू काढल्यापासून एका डोळ्याला सगळं जरा निळसर दिसायचं. मंगळवारी त्यांनी तुकड्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि अकरा वेळा पाहिलं. बुधवारी सून जेवायला घरी आली, तर मिस्त्री गॅलरीच्या दारात पाठमोरे उभे होते.

"तू बघ आणि सांग," ते म्हणाले. "मला जे दिसतंय तेच दिसतंय का?"

तिनं कठड्याकडे पाहिलं आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. गिऱ्हाइकाला अक्षर आधी सांगायचं नसतं, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. तिनं सासऱ्यांना कठड्यासमोर खुर्चीत बसवलं, एका डोळ्यावर त्यांचाच तळहात ठेवायला लावला आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, की काय दिसतंय ते सांगा.

"जांभळं," मिस्त्री म्हणाले.

"आता दुसरा डोळा."

"जांभळं."

"आता दोन्ही."

तळहात खाली घेऊन मिस्त्री तुकड्याकडे वाकले. मग सूनच म्हणाली, "जांभळं आहे, बाबा. वांग्यासारखं जांभळं." आणि पदर नसल्यामुळे तिनं डोळ्यांना ओढणीच लावली. त्या दिवशी ती दुकानात उशिरा पोचली आणि मालकाला कारण सांगितलं, की घरी एकांची दृष्टी तपासायची होती.

तिसऱ्या रविवारी बागेच्या फाटकाशी किती माणसं होती, ते फेरीवालीनंही मोजायचं सोडून दिलं. कचेरीच्या खिडकीतला तुकडा चौथ्या थांब्यावर एका स्टुलावर ठेवला होता आणि त्याच्यावर फडकं झाकलं होतं. प्रमुखांनी भाषण केलं नाही. त्यांनी सांगितलं, की हा तुकडा त्यांनी परवा लाकडाच्या प्रयोगशाळेत नेला होता. तिथल्या बाईंनी काचेखाली बघितलं, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, आणि एकाहत्तर नंबरच्या त्या सगळ्या भावंडांतून एकच घराणं उरलं. जांभळ्या गाभ्याचं. पानं त्याला जुळतात, साल जुळते, आता लाकूडही जुळलं. फुलाची वाट आम्ही बघूच, म्हणाले, पण आजपासून हे झाड अनाथ नाही. मग त्यांनी फडकं काढायला मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी फडकं काढलं. ऊन नेमकं तिथंच पडत होतं. पांढऱ्या कड्याच्या आत तो गाभा असा पेटला होता, की पुढे उभी असलेली माणसं क्षणभर मागे सरकली. मग टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांनी वटवाघळं उठली आणि आभाळात काळी गर्दी झाली. त्या गडबडीत मिस्त्री झाडाजवळ गेले आणि दोन्ही तळवे त्यांनी बुंध्यावर ठेवले. ते काही तरी बोलले, पण ते झाडाशी होतं, त्यामुळे कोणी विचारलं नाही.

नवी पाटी तयार होती. एक कर्मचारी हातोडी आणि खिळे घेऊन पुढे आला, तर मिस्त्रींनी त्याचा हात धरला. जिवंत लाकडात खिळा ठोकायचा नाही, झाड वाढतं आणि खिळा आत रुततो, असं सांगून त्यांनी तार आणि स्प्रिंग मागितली आणि पाटी बुंध्याला स्वतः बांधली, अर्धं बोट सैल ठेवून. कोणी म्हणालं, ही गोष्ट पत्रकात छापा. फेरीवाली म्हणाली, चौथा थांबा यापुढे मिस्त्रींनीच सांगावा, दर रविवारी. मिस्त्रींनी बघू म्हटलं, आणि त्यांचा होकार असाच असतो हे सुनेनं फेरीवालीला सांगून टाकलं.

बॅटरीची गाडी वाटेवर येऊन थांबली होती. मिस्त्रींनी तिला हातानंच नको म्हटलं आणि काठी उचलली. पाचव्या थांब्यावर त्यांनी इंद्रधनुष्यासारख्या रंगीत पट्ट्यांत सुटणारी साल पाहिली. सातव्यावर पान समजून ज्याच्याकडे बोट केलं, तो सहा पायांचा कीटक निघून चालू लागला. नवव्या थांब्यानंतर चढ होता. तिथं ते तीनदा थांबले, आणि तिन्ही वेळा थांबण्याचं कारण काही तरी बघणं हेच असल्याचं सगळ्यांनी मान्य केलं. सून मागून दोन पावलांवर चालत होती, हात पुढे न करता.

अकराव्या थांब्यावर एक अजस्र झाड होतं. आठ माणसांच्या कवेत मावणार नाही असा फुगीर बुंधा, आणि वर मुळं उलटी रोवल्यासारख्या खुरट्या फांद्या. फेरीवालीनं सांगितलं, की हे हजार वर्षं जगू शकतं आणि पोटात पाणी साठवतं. याचं लाकूड इतकं भुसभुशीत असतं, की त्याची एक फळीसुद्धा निघत नाही.

"एकसुद्धा नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"एकसुद्धा नाही."

मिस्त्री मोठ्यानं हसले. गेल्या कित्येक महिन्यांत घरानं ते हसणं ऐकलं नव्हतं. मग त्या बुंध्याला पाठ टेकून ते उभे राहिले, टोपीनं वारा घेतला आणि खाली पसरलेल्या बागेकडे बघत फेरीवालीला विचारलं, की तळ्यापलीकडे जी दाट झाडी दिसते तिकडे कोणी नेत नाही का. तिनं सांगितलं, की तिकडची फेरी वेगळी आहे, शनिवारची, थांबे चौदा आणि चढ याच्या दुप्पट.

"दोन नावं लिहा," मिस्त्री म्हणाले.

सुनेनं सांगितलं, की शनिवारी तिला दुकान असतं.

"मग एक लिहा," मिस्त्री म्हणाले, आणि उताराला लागले.